वॅटच्या आकड्याखालची बारीक ओळही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरच्या घरी थिएटर कसं उभारावं यावर पानभर मजकूर होता. मजकूर चांगला होता. सबवूफर (खालच्या घुमाऱ्याचा स्पीकर) कोपऱ्यात कोंबू नका, मागचे स्पीकर कानाच्या थोडे वर ठेवा, हे लिहिणाऱ्याने बरोबर सांगितलंय. पण पानाच्या तळाशी पाच संचांचा तक्ता होता आणि त्यात ‘पॉवर (वॅट)’ असा रकाना. सगळ्यांत वर १००० वॅटचा एक डबा, त्याखाली ‘१४० × ७’, म्हणजे सात स्पीकरांना प्रत्येकी १४०, असं लिहिलेला रिसीव्हर (स्पीकरांना ताकद पुरवणारा ॲम्प्लिफायर) आणि तळाला बिचारा ८० वॅटचा. त्याच्यापुढे शेरा: ‘लहान खोलीपुरता ठीक’.

हा ८० वॅटचा रिसीव्हर नेमका माझ्या भाच्याकडे आहे. सोमवारी संध्याकाळी तो तक्त्याचं कात्रण घेऊन राजारामपुरीत माझ्या घरी आला. “मामा, फसलो. जुना देऊन वर २२ हजार भरले की १४० वाला मिळतोय.” दुकानदाराशी बोलणंही झालं होतं. मी म्हटलं, पैसे चार दिवस खिशात ठेव, आधी मोजू.

मी मोटर वाइंडिंगवाला. शिवाजी उद्यमनगरात ३८ वर्षं मोटरी भरल्या, पंप तपासले. दोन वर्षांपूर्वी शटर ओढलं, पण वॅटमीटर, डिमरस्टॅट (व्होल्ट कमी-जास्त करणारा) आणि एक जुना ऑसिलोस्कोप (विजेची लाट पडद्यावर दाखवणारा) घरी आणून माडीवर ठेवलाय. आमच्या धंद्यात पाटी वाचल्याशिवाय मोटरला हात लावत नाहीत. पाटीवर नुसतं ५ एचपी नसतं. किती व्होल्ट, किती ॲम्पिअर, मिनिटाला किती फेरे, आणि ‘एस-१’ असेल तर ती दिवसभर न थांबता तेवढं ओढेल, हेही असतं. शिवाय ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारं काम. ते द्यायला मोटर लायनीतून सव्वाचार-साडेचार किलोवॅट घेते. शिरोळ-करवीरचा शेतकरीही हे जाणतो. मग ध्वनियंत्र विकत घेताना आपण सगळे एकदम अडाणी का होतो, हे मला कळत नाही.

उसाचंच बघा ना. एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, जाहीर होते ती १०.२५ टक्के उताऱ्याला (शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर) धरून. उतारा न सांगता नुसता दर कुणी सांगितला तर आपल्याकडचा माणूस उठून विचारतो, “कुठल्या उताऱ्याला?” वॅटचंही तसंच आहे. किती ओमला, म्हणजे स्पीकरच्या किती विरोधाला? किती चॅनल, म्हणजे किती स्पीकरांच्या वाटा, एकदम चालवून? कुठल्या फ्रिक्वेन्सीला, म्हणजे किती जाड-बारीक सुराला? आणि आवाज किती फाटेपर्यंत? हे चार प्रश्न विचारल्याशिवाय वॅट म्हणजे उताऱ्याविना दर.

दोन्ही रिसीव्हरांच्या पुस्तिका भाच्याने फोनवर उतरवून घेतल्या. शेवटच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात, १४० वाल्याने लिहिलं होतं: १४० वॅट, ६ ओम, १ किलोहर्ट्झ, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज फाटण्याचं प्रमाण), एक चॅनल चालू. त्याच्याच वरच्या ओळीत: ८० वॅट, ८ ओम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, ०.०८ टक्के, दोन चॅनल चालू. भाच्याच्या पुस्तिकेतही हीच दुसरी ओळ, शब्दाला शब्द. म्हणजे तुमच्या तक्त्यात एकाने आपला फुगवलेला फोटो पाठवला आणि दुसऱ्याने आधारकार्डावरचा.

आता मोजणीचं सांगतो, कारण मला खरं तर तेच सांगायचंय.

ॲम्प्लिफायर मोजताना स्पीकर लावून चालत नाही. शेजारी पोलीस बोलावतील, आणि स्पीकर जळेल तो वेगळा. त्याच्या जागी तेवढ्याच ओमचा, नुसता तापणारा रेझिस्टन्स लावायचा. ॲल्युमिनियमच्या खोळीतले १०० वॅटचे, ८ ओमचे पाच नग आणले आणि बिडाच्या एका पाटावर नट-बोल्टने आवळले. उद्यमनगरातल्या माणसाला बिडाच्या तुकड्याचा तोटा नसतो. ६ ओमचा वेगळा आणावा लागला नाही: तीन नग ओळीने जोडले की २४ ओम, आणि ते चौथ्याला समांतर लावले की बरोबर ६. वर टेबलफॅन सोडला. डिमरस्टॅटने लाइन २३० व्होल्टला धरून ठेवली, कारण आमच्या गल्लीत संध्याकाळी ती २१५ वर येते, आणि अशा ॲम्प्लिफायरमध्ये तेवढ्यानेच वरची ताकद बारा-तेरा टक्क्यांनी खाली येऊ शकते. हेही कुठल्या जाहिरातीत नसतं, पण तो दोष कंपनीचा नव्हे.

माझं मीटर ट्रू आरएमएस आहे, म्हणजे वाकड्या लाटेचेही खरे व्होल्ट दाखवतं, तरी ४०० हर्ट्झच्या पुढे त्याच्यावर माझा विश्वास नाही. म्हणून सगळी मोजणी १०० हर्ट्झच्या साइन वेव्हवर, म्हणजे एकाच सुराच्या गोल लाटेवर, केली. कंपनी १ किलोहर्ट्झवर मोजते. फरक सांगून ठेवतो, नाहीतर मीच तुमच्या तक्त्यासारखा ठरेन.

दोन चॅनल, ८ ओम. आवाजाचं बटण फिरवत गेलो. स्कोपवर लाटेचा माथा गोल असतो; एका जागी तो चपटा व्हायला लागतो, टक्कल पडल्यासारखा. तिथे थांबलो. मीटरवर २७.१ व्होल्ट. व्होल्टाचा वर्ग भागिले ओम, म्हणजे जवळजवळ ९२ वॅट. कंपनीने ८० सांगितलं होतं. फ्रिक्वेन्सीचा सगळा पट्टा आणि ०.०८ टक्क्यांची अट पाळून ८०, आणि एकाच फ्रिक्वेन्सीला, माथा चपटा होण्याच्या काठावर ९२. हिशेब जुळला.

मग १४० वाल्याच्या अटी या ८० वाल्यावर लावल्या. एकच चॅनल, ६ ओम, आणि भाच्याच्या लॅपटॉपवर डिस्टॉर्शनचा आकडा १० टक्क्यांना जाईपर्यंत बटण फिरवलं. तोपर्यंत लाट लाट राहिलेलीच नसते, चौकोनी विटेकडे झुकलेली असते. मीटर: २९.२ व्होल्ट. हिशेब: १४२ वॅट.

भाचा बराच वेळ बोलला नाही. २२ हजार वर भरून तो जे आणणार होता, ते त्याच्या टीव्हीखाली दोन वर्षं पडून होतं.

१० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे काय हे ज्याला ऐकायचं असेल त्याने गणपतीत एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहावं. आवाज मोठा असतो, पण शब्द चिरलेले असतात. जपानमध्ये या १० टक्क्यांच्या मोजणीला जुनी रीत म्हणून मान्यता आहे, म्हणून तिथल्या कंपन्या ती ओळ छापतात. त्यांना मी लबाड म्हणणार नाही. लबाडी होते ती सगळ्यांत मोठा आकडा खोक्यावर चढतो आणि त्याच्या अटी शेवटच्या पानावर राहतात तेव्हा.

आता माझी स्वतःची फजिती. वरच्या ‘१४० × ७’ मधला गुणाकार मला डाचत होता. म्हणून भाच्याच्या रिसीव्हरचे पाच चॅनल एकदम चालवून बघितले, पाचही रेझिस्टन्स लावून. माथे चपटे व्हायला लागले तेव्हा प्रत्येकावर २०.४ व्होल्ट, म्हणजे ५२ वॅट. पाचांचे मिळून २६०. लायनीतला वॅटमीटर ४७० दाखवत होता. उरलेले २१० वॅट आत उष्णता होऊन बसत होते, म्हणजे खोक्यात १०० वॅटचे दोन दिवे पेटवून झाकण लावल्यासारखं. दहा-पंधरा सेकंदांच्या वर ठेवलं नाही. ट्रान्सफॉर्मर एकच, दोघांना पुरेसं वाढतो, पाच जण पंक्तीला बसले की हात आखडतो.

मी लगेच निकाल दिला: “बघ, ८० सुद्धा खोटे. खरे ५२.” भाच्याने तो निकाल दुकानदाराला जाऊन ऐकवला. दुकानदार शांतपणे म्हणाला, “मामांना विचारा, सिनेमात पाचही स्पीकर एकदम, एकाच सुरात, न थांबता बोंबलतात का?”

उत्तर माझ्याकडे नव्हतं. माणूस बरोबर बोलला होता. संवाद मधल्या स्पीकरमधून येतात, मागच्यांतून पाऊस, टाळ्या, गाड्या. बाँब फुटतो तो क्षणभर, आणि त्या क्षणाची तहान आतले, वीज साठवून ठेवणारे कपॅसिटर भागवतात. खालचा घुमारा तर सबवूफर स्वतःच्या ॲम्प्लिफायरवर ओढतो. एका सलग साइन वेव्हवर पाचही चॅनल रेटणं म्हणजे मोटरला रोटर जाम करून तपासण्यासारखं. ती कसोटी ट्रान्सफॉर्मर केवढा आहे ते सांगते. घरात ऐकू काय येईल ते तिला विचारू नये. परीक्षणांत ‘पाच चॅनल चालवल्यावर ताकद निम्मी झाली’ असं वाचून लोक चांगली यंत्रं नाकारतात. मीही त्या दिवशी त्यांच्यातच होतो.

भाच्याच्या रिसीव्हरच्या मागच्या पाटीनेही मला फसवलं. तिथे छापलंय ३८० वॅट. ३८० घेणाऱ्या यंत्राचा जातभाई सात गुणिले १४०, म्हणजे ९८० देणार असेल तर मी टनभर उसातून अडीच टन साखर काढून दाखवतो, असा विनोद मी आधीच करून ठेवला होता. पण मीटरवर तर ४७० आले! आधी वाटलं मीटर बिघडलं. मग उलगडा झाला: पाटीवरचा हा आकडा कमाल ओढीचा नसतो. यंत्र आपल्या ताकदीच्या एक-अष्टमांशावर चालताना किती घेईल, त्याचा असतो. सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकात मोजणी तशीच ठरलेली आहे. नेहमीचं गाणं-सिनेमा साधारण तेवढंच मागतो. तेव्हा पाटी वाचा, पण तिलाही विचारा की बाई, तू कुठल्या वेळची गोष्ट सांगतेस. बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणीही शॉक आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेसाठी असते. बाहेर येणाऱ्या वॅटची ती हमी नव्हे, हे दुकानात कुणीतरी सांगायला हवं.

तुमच्या तक्त्यातल्या पहिल्या नंबराबद्दल फार लिहीत नाही. तो १००० वॅटचा डबा भाच्याच्या मित्राकडेच निघाला. पुस्तिकेत हिशेब असा: सहा कप्पे प्रत्येकी १२५ आणि सबवूफर २५०, सगळे ३ ओमला, सगळे १० टक्के डिस्टॉर्शनला, एकेक मोजून नंतर बेरीज. मागच्या पाटीवर ९५ वॅट. एक-अष्टमांशाची सगळी सवलत देऊनसुद्धा मी हसलो. तो मोजायला गेलो आणि स्कोपची काळी क्लिप स्पीकरच्या वजा टोकाला लावली, तशी संच फट्‌कन बंद. अशा यंत्रांत वजा टोकही जिवंत असतं, जमिनीला जोडलेलं नसतं. स्कोपची क्लिप मात्र अर्थिंगला. ३८ वर्षं वीज हाताळून हे विसरलो. नशीब, आतलं प्रोटेक्शन धडधाकट होतं. मित्राला सांगितलेलं नाही, हे पत्र छापलंत तर कळेल.

नव्वदच्या दशकात आपल्याकडे कॅसेट डेकवर ‘१००० वॅट पीएमपीओ’ असे सोनेरी कागद चिकटवलेले असत. आत १२ व्होल्ट, १ ॲम्पिअरचा ट्रान्सफॉर्मर. म्हणजे पुरते १२ वॅट. पीएमपीओला, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीला, ना मानक होतं ना मोजायची रीत. ज्याला जेवढं धाडस तेवढा आकडा. आमच्या दुकानातही तसला एक डेक होता. त्यावर सकाळचे अभंग छान वाजत, एवढं मान्य करतो.

अमेरिकेत हाच बाजार पन्नास वर्षांपूर्वी भरला होता. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली नियम केला: वॅट छापायचे तर ओम, फ्रिक्वेन्सीचा पट्टा आणि डिस्टॉर्शन सोबत छापा, आणि मोजायच्या आधी यंत्र तासभर एक-तृतीयांश ताकदीवर तापवा. त्या तापवण्यात यंत्रं भाजून निघत. घरातला आवाज तेवढं कधी मागत नाही, म्हणून २००० साली ती अट एक-अष्टमांशावर आणली. पुढे पाच-सात चॅनलचे रिसीव्हर आले आणि किती चॅनल चालवून मोजायचं यावर पळवाट निघाली. २०२४ साली त्यांनी नियम पुन्हा आवळला: ८ ओम, २० ते २०,००० हर्ट्झ, डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत, आणि निदान पुढचे डावा-उजवा हे दोन चॅनल एकाच वेळी चालू. पाच-सातही नको, एकही नको, दोन. दुकानदाराचं आणि माझं भांडण त्यांनी अर्ध्यावर आणून मिटवलंय असं मला वाटतं.

आता शेवटचं मोजमाप, जे मी सगळ्यांत आधी करायला हवं होतं. बुधवारी रात्री बहिणीच्या घरी, शिवाजी पेठेत, भाच्याने मारामारीचा सिनेमा लावला. हॉल बारा बाय सोळा, सोफा स्पीकरपासून दहा फुटांवर. मी पुढच्या स्पीकरच्या तारांवर मीटर आणि स्कोप लावून बसलो. आवाज वाढवत गेलो. स्वयंपाकघरातून बहीण ओरडली, “आवाज कमी करा, नाहीतर दोघांना जेवण नाही,” तिथे बटण सोडलं. मीटरवर सरासरी पावणेतीन व्होल्टच्या आत. ८ ओमला याचा अर्थ एक वॅटही नाही. स्कोपवर गोळीच्या आवाजाला क्षणभर १८ व्होल्टची टोकं दिसली, त्या क्षणापुरते ४० वॅट. तक्त्याच्या भाषेत ‘लहान खोलीपुरत्या’ यंत्राच्या ताकदीचा मोठा भाग तिथे हात बांधून बसला होता.

आणि समजा १४० खरेच असते, तरी ८० पासून १४० पर्यंत आवाजात फरक पडतो अडीच डेसिबलच्या आत. माझ्या ९२ आणि ५२ मध्येही तेवढाच. कानाला तो ‘जरासा’ वाटतो. वॅट दुप्पट केले तर ३ डेसिबल. आवाज दुप्पट वाटायला दहापट लागतात. उलट, भाच्याचे स्पीकर एक वॅटला एक मीटरवर ८७ डेसिबल देणारे आहेत. ९० वाले आणले तर रिसीव्हर न बदलता वॅट दुप्पट केल्याएवढं पदरात पडतं. हा आकडा स्पीकरच्या मागे किंवा पुस्तिकेत असतो, ‘सेन्सिटिव्हिटी’ या नावाने. तुमच्या तक्त्यात त्याला रकानाच नव्हता. माझ्या मते पहिला रकाना त्याचा हवा होता.

तेव्हा विनंती अशी. दिवाळीच्या पुरवणीत असाच तक्ता येणार हे मला ठाऊक आहे; दरवर्षी येतो. कंपन्यांकडून आलेला आकडा जसाच्या तसा उतरवू नका. प्रत्येक यंत्राच्या पुस्तिकेतून ८ ओम, दोन चॅनल, पूर्ण पट्टा ही ओळ शोधा आणि सगळ्यांची तीच घ्या. ज्याच्या पुस्तिकेत ती ओळ नाही, त्याच्यापुढे ‘दिलेली नाही’ असं लिहा. जागा कमी पडली तर चकचकीत फोटो थोडा कापा. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर माझा अभंगाचा परिच्छेद कापा, पण आकड्यांसोबतच्या अटी कापू नका.

भाच्याने रिसीव्हर ठेवलाय. २२ हजारांतून पुढचे दोन स्पीकर बघतोय, त्याच दुकानदाराकडे. बिडाचा पाट अजून माझ्या माडीवर आहे. ‘१४० × ७’ वाला रिसीव्हर कुणी आणून दिला तर तोही मोजून देईन. पैसे घेणार नाही. चहा मात्र बहिणीकडे प्यावा लागेल, आणि आवाज तिच्या मर्जीने.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त मोटर वाइंडर
राजारामपुरी, कोल्हापूर